लाटांची हौस आणि हातांची मजुरी

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांत राजूर नांवाचें गांव आहे. कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या हीं त्याचीं दोन ओळखचिन्हें. सरळ रेषेंत मोजलें तर मुंबईचा समुद्र तेथून सुमारें साडेसहाशें किलोमीटरांवर पडतो, आणि आंध्राचा किनारा सुमारें पांचशें किलोमीटरांवर. म्हणजे अरबी समुद्राला आपला मानणाऱ्या महाराष्ट्रांतल्या या गांवाला खरा जवळचा समुद्र बंगालच्या उपसागराचा! तरीहि समुद्राशीं त्याचें कांहींच नातें नाहीं असें मात्र म्हणतां येत नाहीं. ज्या चुनखडीवर तेथल्या भट्ट्या पेटल्या ती चुनखडी अतिप्राचीन काळीं समुद्राच्या तळाशीं थरावर थर बसून तयार झालेली आहे. समुद्र ओसरला आणि खडक राहिला. पुढें त्या खडकावर व त्या कोळशावर पोट भरण्यासाठीं दूरदूरच्या मुलखांतून माणसें येथें आलीं. परमुलखांत जाऊन अंगमेहनतीनें चार पैसे मिळविणें म्हणजे काय, हें राजूरसारख्या गांवाला कोणी नव्यानें शिकवावयास नको.

आतां मात्र प्रवाह उलटा वाहूं पाहत आहे. सुशिक्षित घरांतून एक नवा हट्ट ऐकूं येतो. पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी म्हणते कीं, कायमची नोकरी धरण्यापूर्वीं एक वर्ष परदेशांत काढावयाचें. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभें राहण्याची कला, म्हणजे सर्फिंग, शिकावयाची. आणि खर्च तेथेंच मिळेल तें किरकोळ काम करून भागवावयाचा. आईबापांना यांत दोन गोष्टी खटकतात. समुद्राची भीति ही एक, आणि शिकल्यासवरल्या मुलांनीं परक्या देशांत भांडीं घासावींत व फळें तोडावींत ही दुसरी. पहिल्या भीतींत तथ्य आहे, दुसऱ्या शंकेंत तितकें नाहीं. पण या दोहोंपेक्षां मोठा धोका कायद्याचा आणि हिशेबाचा आहे, आणि त्याकडे मुलांचें व वडील माणसांचेंहि लक्ष क्वचितच जातें. म्हणून हा सारा व्यवहार मुळापासून समजून घेणें इष्ट आहे.

सर्फिंग ही कला मूळची पॅसिफिक महासागरांतील बेटांची, त्यांतहि विशेषेंकरून हवाई बेटांची. तेथें राजापासून कोळ्यापर्यंत सर्वांना ती अवगत होती. १९१२ सालीं स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविणारा हवाईचा ड्यूक कहानामोकु हा तिचा जगभर प्रसार करणारा पहिला मोठा पुरुष होय. १९१४-१५ च्या तिकडील उन्हाळ्यांत त्यानें सिडनीजवळ फ्रेशवॉटर येथें लाकडी फळीवर उभें राहून दाखविलें, आणि ऑस्ट्रेलियाला या खेळाचें वेड लागलें. पुढें फळ्या हलक्या झाल्या, विमानाचीं भाडीं उतरलीं, आणि लाटांच्या शोधांत देशोदेशीं हिंडणाऱ्या तरुणांचा एक वर्गच निर्माण झाला. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, जे प्रत्यक्षांत २०२१ सालीं भरले, या खेळाला प्रथमच स्थान मिळालें. भारतांत कर्नाटकांतील मुळकी, केरळांतील कोवळम् व वर्कला, तामिळनाडूंतील महाबलीपुरम् आणि चेन्नईजवळचें दुसरें कोवळम्, तसेंच गोव्याचे कांहीं किनारे हीं आतां या खेळाचीं परिचित ठाणीं झालीं आहेत. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत आशियाई अजिंक्यपदाचे सामने महाबलीपुरम् येथेंच झाले.

या खेळाचा खर्च व त्यासाठीं करावयाचें काम यांचा मेळ कसा घालावा हें समजण्यासाठीं आधीं लाट म्हणजे काय हें समजलें पाहिजे. ज्वारीच्या उभ्या शेतावरून वारा वाहिला म्हणजे लहर शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धांवते, पण ताटें आपल्या जागींच डोलत असतात. समुद्राचेंहि तसेंच आहे. पाणी जवळजवळ जागच्या जागीं वरखालीं फिरतें. पुढें जाते ती वाऱ्यानें दिलेली शक्ति. दक्षिण महासागरांत मोठें वादळ झालें कीं त्या शक्तीच्या रांगाच्या रांगा हजारों किलोमीटर प्रवास करून पांचसात दिवसांनीं केरळच्या, लंकेच्या किंवा जावा-बालीच्या किनाऱ्यास लागतात. खोल पाण्यांत त्या दिसतहि नाहींत. तळ उथळ होत जाऊन लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट इतकीच खोली उरली म्हणजे लाट पुढें कलते व फुटते. आणि फुटण्याच्या त्या क्षणीं तिच्या उतारावर जो फळीसह असेल त्याला ती घेऊन जाते. या लांबच्या लाटांचें भाकित करणारें सरकारी केंद्र राजूरपासून सरळ रेषेंत सुमारें तीनशें किलोमीटरांवर, हैदराबादेस आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र असें त्याचें नांव असून तें १९९९ सालीं स्थापन झालें. स्वच्छ हवेंत अकस्मात् किनारा बुडविणाऱ्या ज्या उधाणाला केरळांतील कोळी 'कळ्ळक्कडल', म्हणजे चोरसमुद्र, म्हणतात, त्याची पूर्वसूचना हें केंद्र देतें.

यावरून एक गोष्ट उघड होते. लाटा मागणीप्रमाणें मिळत नाहींत. त्यांचा हंगाम असतो. लंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, वेलिगामा व हिक्कडुवा येथें, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचा काळ अनुकूल. तर त्याच बेटाच्या पूर्वेस अरुगम बे येथें एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंतचा. बालीच्या पश्चिम किनाऱ्यावर एप्रिल ते ऑक्टोबर हे कोरडे महिने उत्तम. आपल्या कोंकणांत व गोव्यांत पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत लाटा लहान, म्हणून नवशिक्याला सोयीच्या. आणि जून ते सप्टेंबर समुद्र इतका खवळलेला कीं त्यांत पाय घालणें म्हणजे जिवाशीं खेळ. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस जानेवारी ते एप्रिल या वादळी महिन्यांत उष्ण समुद्रावरून मोठ्या लाटा येतात.

आणि काय योगायोग पाहा, मजुरीचाहि हंगामच असतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांत आंब्याची तोड सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन वर्षाअखेरीपर्यंत चालते. टास्मानियांत सफरचंदें उन्हाळा सरतां सरतां, फेब्रुवारीपासून मेपर्यंत उतरवितात. पश्चिमेस मार्गारेट रिव्हर येथें द्राक्षांची खुडणी व उत्तम लाटा हीं जवळजवळ एकाच गांवीं सांपडतात. डोंगरांत बर्फ पडलें म्हणजे जून ते सप्टेंबर तेथल्या उपाहारगृहांना व विश्रामगृहांना हात कमी पडतात. तेव्हां पैशाचे महिने कोणते आणि लाटांचे महिने कोणते हें एका कागदावर शेजारीं शेजारीं मांडणें हीच या व्यवहाराची पहिली पायरी होय. वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याला ही रीत समजावून द्यावी लागणार नाहीं. पेरणी आटोपून वारीला निघणारा वारकरी हेंच गणित पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे.

काम करीत करीत मुलूख पाहण्याची गोष्टहि मराठी माणसाला सर्वस्वी नवी नाहीं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कुटुंबाचें कर्ज फेडावयाचें म्हणून १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेंत बंडाचा वणवा पेटला, झांशीचा वेढा प्रत्यक्ष पाहावा लागला, लुटालूट सोसावी लागली. पुढें १९०७ सालीं त्यांचें प्रवासवृत्त 'माझा प्रवास' या नांवानें प्रसिद्ध झालें. पदरीं पैसा फारसा पडला नाहीं, पण मराठीला एक अमोल ग्रंथ मिळाला. रत्नागिरीकडील खलाशांनीं तर आगबोटींच्या कोठींत कोळसा ओढून जगांतलीं बंदरें पाहिलीं; त्यांनीं ग्रंथ लिहिले नाहींत इतकेंच.

या बाबतींत सर्वांत जवळचें उदाहरण शेजारच्या वर्ध्याचें आहे. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ सालचा. देशाच्या स्वातंत्र्यासाठीं कांहीं करावें या ध्यासानें ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जपानमार्गें अमेरिकेस पोंचले. घरून पैसा येण्याचा मार्ग नव्हता. मिळेल ती मजुरी करून त्यांनीं पोट भरलें, आणि त्याच मजुरीवर लष्करी शाळेंत व शेतकी महाविद्यालयांत शिक्षण घेतलें. पश्चिम किनाऱ्यावरील लांकडाच्या गिरण्यांत व शेतांवर राबणाऱ्या पंजाबी मजुरांशीं त्यांचा जो निकट संबंध आला त्यांतूनच गदर चळवळींतील त्यांचें कार्य उभें राहिलें. पुढें मेक्सिकोंत चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या व गव्हाच्या सुधारणेसाठीं नांवाजले गेले, आणि दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें आपल्या एका भित्तिचित्रांत त्यांना स्थान दिलें. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशीं परतले व १९६७ सालीं नागपुरास निवर्तले. परदेशांत केलेल्या हलक्या मजुरीनें त्यांची योग्यता कमी झाली, असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. मात्र त्यांच्या काळच्या आणि आजच्या परिस्थितींत एक मोठा फरक आहे. तेव्हां परदेशांत उतरल्यावर काम शोधण्याच्या आड आजच्याइतके कागदपत्र येत नव्हते. आज प्रत्येक दारावर कायद्याचा पहारा आहे.

तो कायदा थोडक्यांत असा. पर्यटक म्हणून मिळालेल्या व्हिसावर काम करतां येत नाहीं. हा नियम बालीला लागू आहे, लंकेला लागू आहे, ऑस्ट्रेलियाला व इंग्लंडलाहि लागू आहे. पुष्कळ तरुणांची समजूत अशी कीं, रोख पैसे न घेतां केवळ राहण्याजेवण्याच्या मोबदल्यांत एखाद्या धर्मशाळेवजा विश्रामगृहांत झाडलोट केली तर तें काम ठरत नाहीं. ही समजूत घातक आहे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यांत तर, ज्या कृतीबद्दल एरवीं मोबदला मिळतो ती कृति म्हणजे काम, अशीच व्याख्या आहे. आणि इतर कित्येक देशहि याच दृष्टीनें पाहतात. बालींत पर्यटक म्हणून जाऊन लाटांवरची शिकवणी करणाऱ्या परदेशीयांना हद्दपार केल्याचीं उदाहरणें झालीं आहेत. हद्दपारीचा शिक्का पारपत्रावर एकदां बसला कीं पुढें दुसऱ्या देशाच्या कचेरींतहि त्याचा जाब द्यावा लागतो. कायद्याची बाजू क्षणभर सोडली तरी न्यायाची बाजू राहतेच. वेलिगामा किंवा बाली येथील कोळ्याच्या मुलाला लाटांची शिकवणी हें उपजीविकेचें साधन आहे. परक्या देशाचा पाहुणा तेंच काम निम्म्या दरानें किंवा फुकट करूं लागला, तर तो त्या मुलाच्या ताटांतला घास उचलतो.

मग सरळ मार्ग कोणता? भारतीय तरुणांसाठीं असा एक मार्ग अलीकडेच उघडला आहे. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यांत २ एप्रिल २०२२ रोजीं व्यापारविषयक करार झाला व तो २९ डिसेंबर २०२२ पासून अंमलांत आला. त्या करारान्वयें, काम आणि सुट्टी या दोन्हींसाठीं एक वर्षाचा जो विशेष व्हिसा ऑस्ट्रेलिया कांहीं देशांच्या तरुणांस देतें, तो भारतीयांनाहि मिळूं लागला. जागा वर्षास एक हजार. वय पुरीं अठरा ते तीस. शालेय शिक्षणानंतर निदान दोन वर्षांचें शिक्षण झालेलें हवें, इंग्रजीचें कामचलाऊ ज्ञान सिद्ध करावें लागतें, आणि परतीच्या भाड्याखेरीज सुमारें पांच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ असल्याचें दाखवावें लागतें. अर्ज करण्याची संधि सोडतीनें मिळते. पहिली सोडत २०२४ च्या ऑक्टोबरमध्यें खुली झाली, तेव्हां पहिल्या पंधरवड्यांतच सुमारें चाळीस हजार अर्ज आल्याचें तिकडील मंत्र्यांनीं सांगितलें. सोडतीच्या नोंदणीस पंचवीस डॉलर पडत. व्हिसाची खरी फी, जी सहाशें डॉलरांहून अधिक आहे, ती नंबर लागल्यावरच. यावरून एक निष्कर्ष अटळ आहे. जो दलाल 'नंबर लावून देतों' म्हणून हजारों रुपये मागतो तो खोटें बोलतो; सोडतीवर कोणाचाहि हात नसतो.

इंग्लंडनें २०२३ सालीं भारतीय पदवीधरांसाठीं अशीच योजना सुरू केली. जागा वर्षास तीन हजार, मुदत दोन वर्षांची, वय तेंच, बचत २५३० पौंडांची. तेथेंहि सोडतच. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर लाटा चांगल्या असतात, पण पाणी थंड. आणि वैद्यकीय सेवेचा आकार आधींच भरावा लागतो. म्हणून लाटांच्या हौशीला मुख्य दार ऑस्ट्रेलियाचेंच होय.

आतां हिशेबाकडे वळूं. १ जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियांत किमान वेतन तासास २४ डॉलर ९५ सेंट ठरलें. ज्याला कायम नोकरी नाहीं, पगारी रजा नाहीं, अशा हंगामी कामगाराला त्यावर साधारणपणें शेंकडा २५ अधिक मिळतात. म्हणजे तासास सुमारें ३१ डॉलर. येथें राजूरचा मनुष्य तो आंकडा रुपयांनीं गुणतो आणि त्याचे डोळे दिपतात. हा गुणाकार हीच पहिली चूक. मजुरी डॉलरांत, तशी खोलीचें भाडें, भाजीपाला व मोटारगाडीचें तेलहि डॉलरांतच. समजा, आठवड्यास तीस तास काम मिळालें. मिळकत ९३० डॉलर; या वर्गाच्या कामगारास लागू असलेला शेंकडा १५ चा कर वजा जातां हातीं सुमारें ७९० डॉलर. राहणें, जेवणें, प्रवास यांस ४५० लागले असें धरूं. उरले ३४०. दहा आठवडे खाडा न पडतां काम झालें तर ३४०० डॉलर शिल्लक. परंतु पाऊस पडला कीं फळबागेंतलें काम थांबतें, पीक लवकर संपलें कीं मजूर मोकळा, आणि नवें काम मिळेपर्यंत खोलीचें भाडें चालूच. म्हणून दहांपैकीं सात आठवडेच कामाचे धरून अंदाज बांधावा. तीन आठवडे निसर्गाला आणि नशिबाला सोडून द्यावे.

या शिलकेचा उत्तम उपयोग कोणता, हाच या व्यवहाराचा गाभा आहे. महागड्या देशांतच लाटांवर हिंडूं लागलें तर दहा आठवड्यांची कमाई पांच आठवड्यांत विरघळते. उलट, मिळवावें महाग देशांत आणि खर्चावें स्वस्त देशांत, हें सूत्र धरलें तर तीच रक्कम बालींत किंवा लंकेंत, साधी खोली घेऊन व भाताची थाळी खाऊन, बराच काळ पुरते. मात्र तेथें फक्त पर्यटक म्हणून राहावें, कामाला हात लावूं नये. ऑस्ट्रेलियाच्या वर्षाचा कांटा बाहेर असतांनाहि चालूच राहतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. तिसरें सूत्र असें कीं, सुरवातीला दाखविलेले पांच हजार डॉलर हे प्रवासाचे पैसे नव्हेत. ती अडीअडचणीची ठेव आहे. परतीचें भाडें आणि एका महिन्याचा खर्च यांना कितीहि मोह झाला तरी हात लावूं नये. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण घरांत जितकी खरी, तितकीच परक्या किनाऱ्यावर खरी. फरक एवढाच कीं, तेथें अंथरूण उसनें देणारा शेजारी नसतो.

फळी स्वतःची असावी अशी हौस प्रत्येकाला असते. नवशिक्यानें ती आवरावी. विमानांत फळीचें निराळें भाडें पडतें, वाटेंत ती मोडते, आणि शिकाऊ मनुष्याला लागणारी जाड, मऊ पाठीची फळी जवळजवळ प्रत्येक किनाऱ्यावर भाड्यानें मिळते. विम्याच्या बाबतींत मात्र काटकसर करूं नये. प्रवाळाच्या खडकावर घसटून झालेली जखम, खांद्याचा सांधा निखळणें, हे अपघात या खेळांत नित्याचे आहेत, आणि परदेशांतल्या रुग्णालयाचें एक देयक वर्षाची कमाई गिळूं शकतें. विमा घेतांना सर्फिंग व अंगमेहनतीचें काम हीं दोन्ही त्यांत अंतर्भूत आहेत कीं नाहींत, हें अक्षर न् अक्षर वाचून पाहावें.

कामाच्या जागीं फसवणूक होते काय? होते, आणि ती बहुधा अशाच मजुरांची होते ज्यांस भाषा अपुरी, निवारा मालकाचाच, आणि तक्रार केली तर व्हिसा जाईल अशी भीति. ऑस्ट्रेलियांत या व्हिसावर दुसरें वर्ष हवें असेल तर पहिल्या वर्षांत ठराविक ग्रामीण किंवा उत्तरेकडील भागांत, ठराविक प्रकारचें काम तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, करावें लागतें. ह्या ८८ दिवसांसाठीं तरुण हवालदील होतात आणि त्यांच्या गरजेचा लाभ घेणारे मालक त्यांना कमी मजुरीवर राबवितात. यावर तेथील कायद्यानें कांहीं बंधनें घातलीं आहेत. १ डिसेंबर २०१५ पासून बिनपगारी काम या दिवसांत मोजलें जात नाहीं. पूर्वीं फळबागांत तोडलेल्या मापावर मजुरी देत, आणि नवशिक्याच्या हातीं दिवसाअखेर फारच थोडें पडे. एप्रिल २०२२ पासून मापावर काम करणाऱ्यासहि तासाचें किमान वेतन मिळालेंच पाहिजे असा नियम झाला. सामान्यतः एका मालकाकडे सहा महिन्यांहून अधिक काम करतां येत नाहीं. वेतनाच्या तक्रारी ऐकणारें सरकारी खातें निराळें आहे. तेव्हां प्रत्येक आठवड्याची वेतनचिठ्ठी मागून घेणें, कामाचे तास स्वतःच्या वहींत टिपणें, पारपत्र मालकाच्या ताब्यांत कधींहि न देणें, हे तीन नियम मुलांनीं पाठ करावेत. मुलगी जात असेल तर पहिल्या महिन्याचा निवारा कामाच्या मालकाचा नसावा, हा चौथा. आणि खरें पाहतां तो मुलालाहि तितकाच लागू आहे.

समुद्राच्या भीतीबद्दल आरंभीं उल्लेख आला. ती भीति शहाणपणाची आहे, पण तिला ज्ञानाची जोड हवी. विहिरींत किंवा निर्गुडेच्या डोहांत पोहणाऱ्याला समुद्र पोहतां येतोच असें नाहीं. किनाऱ्याकडे आलेलें पाणी परत जातांना कांहीं ठिकाणीं अरुंद पट्ट्यांतून जोरानें आंत ओढलें जातें. दोन्ही बाजूंस लाटा फुटत असतां मध्येंच जो शांत, गडद पट्टा दिसतो, त्यालाच अजाण मनुष्य सुरक्षित समजतो. अशा ओढींत सांपडल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहूं नये, दम संपतो. तरंगत राहून हात वर करावा, किंवा किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावें. फळी सोडूं नये. एकट्यानें पाण्यांत जाऊं नये. जेथें रक्षक नेमले असतील तेथेंच, त्यांनीं आखून दिलेल्या निशाणांच्या मर्यादेंत शिकावें.

या सर्वांवरून आणखी एक विचार सहज सुचतो. परदेशाची सोडत लागेपर्यंत हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. आपल्याच देशाला हजारों किलोमीटरांचा किनारा आहे आणि तेथें काम करण्यास व्हिसा लागत नाहीं. मुळकी, वर्कला, गोवा, पुरी येथील विश्रामगृहांत हंगामापुरतीं माणसें लागतात. एक हिंवाळा तेथें काढून पाहावा. सकाळीं पाण्यांत, दुपारपासून रात्रीपर्यंत कामावर, आणि महिन्याअखेर वहींत जमाखर्चाची मांडणी. ज्याला हें चार महिने निभावलें, त्याला परदेशांत तें निभावण्याची शक्यता मोठी. ज्याला तें पहिल्या पंधरवड्यांतच जड झालें, त्याची लाखोंची रक्कम वांचली. आईबापांच्या दृष्टीनेंहि ही परीक्षा रास्त आहे. नुसतें 'नको' म्हणण्यापेक्षां 'आधीं येथें करून दाखव' हें म्हणणें अधिक न्याय्य, आणि मुलांनाहि तें पटण्याजोगें.

शेवटीं एक गोष्ट विसरतां कामा नये. चुनाभट्टीवर घमेलें वाहणारा मजूर आणि ऑस्ट्रेलियांत आंबे तोडणारा पदवीधर हे दोघेहि हंगामी मजूरच. दोघांचेंहि काम पावसानें थांबतें, दोघांनाहि मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावें लागतें. पण एकाच्या खिशांत परतीचें तिकीट आहे आणि दुसऱ्याच्या नाहीं. एकाला ही मजुरी म्हणजे वर्षभराचा अनुभव, दुसऱ्याला तो जन्माचा भोग. जो तरुण हें अंतर ओळखून जाईल तो परक्या बागेंत आपल्याबरोबर राबणाऱ्या, घरीं पैसे धाडणाऱ्या गरीब कामगारांना तुच्छ लेखणार नाहीं, त्यांचा दर पाडणार नाहीं, आणि आपल्या हौसेसाठीं त्यांच्या पोटावर पाय देणार नाहीं. परत आल्यावर स्वतःच्या गांवच्या मजुराकडेहि तो निराळ्या नजरेनें पाहील. चुनखडीचा जो खडक एके काळीं समुद्राचा तळ होता तो फोडणाऱ्या हातांची किंमत त्याला समजली, तर लाटांवर घालविलेलें तें वर्ष वायां गेलें असें कोणताहि समंजस बाप म्हणणार नाहीं.